मुक्या जनावराचे डोळे

मंडळी, आपला डोळा दुखला तर आपण सांगतो. बैलाला, शेळीला, दारातल्या कुत्र्याला सांगता येत नाही. म्हणून त्यांच्या डोळ्यांकडे आपणच पाहायचं. ते कसं पाहायचं, ते या धड्यात शिकू.

चांगला डोळा कसा असतो?

सकाळी वैरण टाकताना जनावराच्या तोंडाकडे एकदा नीट पाहा. दोन्ही डोळे सारखे उघडे असावेत. बुबुळ स्वच्छ, चकचकीत असावं. डोळा ओला असतो, पण त्यातून पाणी गळत नाही.

गाय, शेळी, कुत्रा, मांजर यांना डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. ती पातळ पडद्यासारखी असते. ती दिसली की कोणी म्हणतो, "मांस वाढलंय, कापून टाका." तसं कधी करू नका. ती डोळ्याची राखणदार आहे.

तीन प्रश्न

डोळा बिघडलेला दिसला, की मनाशी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : एक डोळा की दोन्ही? एकाच डोळ्यातून पाणी येतं, जनावर तोच डोळा मिटून घेतं, तर बहुधा इजा झाली आहे. गवताचं कुसळ गेलं असेल, बाभळीचा काटा लागला असेल, नाही तर चाबकाची वादी बसली असेल. दोन्ही डोळे बिघडले तर रोग अंगात असू शकतो. कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांतून पू येतो, नाक वाहतं, ताप येतो, ते खात नाही, तर तो डिस्टेंपर असू शकतो. हा रोग जीव घेतो. पिल्लाला वेळेवर लस टोचली तर तो टळतो.

दुसरा प्रश्न : एकच जनावर की अनेक? गोठ्यात एकामागून एक जनावरांचे डोळे येऊ लागले, तर ती साथ समजा. माशी आजारी डोळ्यावर बसते आणि तिथून उठून चांगल्या डोळ्यावर बसते. अशी साथ पसरते. आधी पाणी गळतं, पापणी सुजते, ऊन सोसत नाही. मग बुबुळावर पांढरा ठिपका येतो. आपण म्हणतो, फूल पडलं. फूल पडेपर्यंत वाट पाहू नका. पाणी गळू लागलं त्याच दिवशी ते जनावर वेगळं बांधा. शेण रोज लांब टाका, म्हणजे माश्या कमी होतील.

तिसरा प्रश्न : दिवसा की रात्री? जनावर दिवसा नीट चालतं, पण तिन्हीसांजेला ठेचकाळतं, दावणीला धडकतं, तर तो रातांधळेपणा असू शकतो. दुष्काळात महिनोन्महिने नुसता वाळका कडबा पडला, की अंगातलं अ जीवनसत्त्व संपतं. त्यावर उपाय हिरवा चारा. लसूणघास, हिरवा मका, मिळेल ते थोडं थोडं रोज घाला. डॉक्टर इंजेक्शनही देतात. लवकर केलं तर दृष्टी परत येते. उशीर झाला तर काही वासरं कायमची आंधळी होतात.

कधी कधी बुबुळाच्या आत पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत वळवळताना दिसतो. डॉक्टर भूल देऊन बारीक छेद घेतात आणि तो काढतात. आपण त्याला हात लावू नये.

काय करावं?

एक लिटर पाणी उकळा. त्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ घाला. कोमट होऊ द्या. इतकं खारट पाणी अश्रूंसारखंच असतं. ते डोळ्यावर हळूहळू ओता. धूळ, चिपडं निघून जातील. पापण्या स्वच्छ फडक्याने पुसा. एका जनावराचं फडकं दुसऱ्याला वापरू नका. नंतर आपले हात साबणाने धुवा, कारण शेळ्या-मेंढ्यांच्या डोळ्यांचे काही रोग माणसालाही होतात.

काटा खोल रुतला असेल तर उपसू नका. जनावराला सावलीत बांधा. बैलाला जुंपू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गाव लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करा. तो जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा मोफत क्रमांक आहे.

कुत्र्याचा डोळा मारामारीत खोबणीबाहेर आला, तर आत ढकलू नका. ओलं, स्वच्छ फडकं त्यावर धरा आणि तसेच दवाखाना गाठा. तिथे घटकाभराचाही उशीर चालत नाही.

काय करू नये?

कोणी मीठ चावून डोळ्यात थुंकतो. कोणी तंबाखूचं पाणी घालतो. कोणी डोळ्याच्या कडेला डाग देतो. ही माणसं वाईट नसतात. त्यांना जनावराची कळकळ असते. पण डोळ्याला आधीच जखम असते, तिच्यावर ही दुसरी जखम होते.

आणखी एक चूक शिकलेल्या घरातही होते. माणसाचे उरलेले डोळ्यांचे थेंब जनावराला घालतात. काही थेंबांत स्टेरॉइड नावाचं औषध असतं. त्याने लाली उतरते. आपल्याला वाटतं, बरं झालं. पण बुबुळावर जखम असेल, तर ती भरायची थांबते, खोल जाते, आणि डोळा फुटूही शकतो. म्हणून जखम आहे की नाही, हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कुठलेच थेंब घालू नका.

पोळ्याला शिंगं रंगवताना रंग डोळ्यात जाऊ देऊ नका. गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा.

एका डोळ्याने अधू झालेल्या बैलाला बाजारात किंमत येत नाही. जोडी मोडते, पेरणी अडते. बैलाचं दुःख तर त्याचं त्यालाच ठाऊक. रोज घटकाभर पाहिलं, तर यातलं पुष्कळ टळतं.

लिहा पाहू

१. तुमच्या जनावराचे डोळे आज पाहिलेत का? काय दिसलं, ते तीन ओळींत लिहा.
२. एकच डोळा गळत असेल तर काय झालं असेल?
३. उरलेले थेंब का घालू नयेत?
४. फिरत्या दवाखान्याचा क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूने लिहा.