छायाचित्रासाठी बसावे कसे?

तारनाक्यास आमच्या घरी आजीचे एकच छायाचित्र आहे. भर दुपारी अंगणात उभे करून ते घेतलेले. डोळ्यांच्या खोबणीत काळोखी, कपाळावर आठ्या. पाहुणे म्हणतात, “फार करड्या होत्या वाटते!” वस्तुतः घरात सर्वांत अधिक हसे ती आजीच. दोष तिचा नव्हे, माथ्यावरच्या उन्हाचा होय.

आमच्या शेजारच्या सिकंदराबादेत लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) ह्यांची चित्रशाळा होती. रुडकीस अभियांत्रिकी शिकलेला हा गृहस्थ सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांचा दरबारी छायाचित्रकार झाला. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी निराळी चित्रशाळा उघडली व तीवर एक इंग्रज बाई नेमल्या. हेतू पडद्याचा खरा. तथापि परक्या पुरुषासमोर चेहरा आखडतो, हेही तितकेच खरे.

त्याही आधीच्या काळी काचेवर प्रकाश उमटण्यास बराच वेळ लागे. डोके हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू लावीत! तेव्हाच्या चित्रांतील मंडळी रागावलेली नसत, नुसती थिजलेली असत.

आता गणित पाहू. वस्तूचे दिसणारे आकारमान अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. नाकापासून कान ५ इंच मागे धरा. कॅमेरा नाकापासून १२ इंचांवर असल्यास कान १७ इंचांवर पडतो. म्हणजे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठे दिसते. कॅमेरा ७२ इंचांवर नेला की ७७ भागिले ७२, म्हणजे अवघे १.०७ पट. मोबाईल तोंडाशी धरून काढलेल्या चित्रांत नाके का फुगतात, हे कोडे येथे सुटते.

प्रकाश ओसरीच्या सावलीतला, बाजूने येणारा असावा. खांदे किंचित तिरपे, मुख कॅमेऱ्याकडे, हनुवटी थोडी पुढे व खाली. चष्म्यावर चकाकी आल्यास मान जराशी झुकवावी. हातांना मात्र काही उद्योग द्यावा. रिकामे हात फार लाजतात.

गेल्या दिवाळीत आजोबांना आम्ही ओसरीवर बसविले. “हसा” म्हणताच त्यांचे ओठ हसले, डोळे नाहीत. मग हाती अडकित्ता दिला व आजी त्यांना कशावरून रागे भरे, ते विचारले. सुपारी कातरता कातरता ते सांगू लागले, तोच आम्ही कळ दाबली. मान अंमळ वाकडी आली आहे. आजीच्या चित्राशेजारी तेच लावले आहे.