घरांतील एसी : निवड व सावधगिरी

दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षें शीतगृहांत टिकतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. बंद जागेंतील उष्णता बाहेर नेऊन टाकणें, हें तेथील तत्त्व. घरांतील एसीही त्याच तत्त्वावर चालतो. १९०२ सालीं विलिस कॅरिअर यांनीं असें यंत्र ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं योजिलें, तें मनुष्याच्या सुखासाठीं नव्हे, तर हवेंतील दमटपणा कागदास बाधूं नये म्हणून.

यंत्राची शक्ति ‘टन’ या मापानें सांगतात. हें यंत्राचें वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषितो, तितकी एक टनाचें यंत्र तेवढ्याच वेळांत बाहेर काढतें. खोलीचा आकार, पश्चिमेचें ऊन व छप्पर पाहून टनांचा आंकडा ठरवावा. सारख्या टनाच्या यंत्रांत ज्यास तारे अधिक, त्यास वीज कमी लागते. आपल्याकडील उन्हाळा कोरडा असल्यानें पाण्याचा कूलरही पुष्कळदां पुरतो, हेंही आधीं विचारांत घ्यावें.

एसीस स्वतंत्र तार, एमसीबी व पक्कें अर्थिंग असावें. एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावूं नये; पातळ तार तापून आग लागते. तापमान २४ अंशांवर ठेवावें व फिल्टर दर पंधरवड्यास धुवावा. बहुतेक स्प्लिट एसी खोलींतील तीच हवा फिरवितात. म्हणून बंद खोलींत शेगडी कदापि पेटवूं नये. कांहीं यंत्रांतील वायु ज्वालाग्राही असतो, यास्तव दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करवावी.

पालकांनीं एसी घेण्यापूर्वीं घरांतील तारा तपासून घ्याव्या, अशी आमची विनंति आहे.