घटक ५ : भौगोलिक माहिती प्रणालीची भावी दिशा आणि स्थलनामे

उद्दिष्ट : या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस भौगोलिक माहिती प्रणालीच्या भावी वाटचालीत स्थानिक भाषेचे स्थान स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन

भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजेच जीआयएसमध्ये, प्रत्येक ठिकाणाची दोन अंगे असतात : अक्षांश-रेखांशांनी निश्चित होणारे स्थान आणि त्याविषयीची माहिती. माती, उतार, पर्जन्य, वस्ती यांचे थर एकावर एक ठेवून त्यांचा परस्परसंबंध तपासता येतो.

या प्रणालीची वाटचाल आज तीन दिशांनी होत आहे. पहिली, ताजी माहिती सतत मिळविणे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनच्या साहाय्याने होते. दुसरी, उपग्रहचित्रांतील बदल संगणकाने स्वतः ओळखणे. तिसरी, नागरिकांनीच नकाशात भर घालणे; २००४ मध्ये आरंभ झालेला ओपनस्ट्रीटमॅप हे याचे उदाहरण होय.

या तिसऱ्या दिशेचे महत्त्व आपल्या परिसरातील एका दुर्घटनेवरून ध्यानात येते. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या वाटेवरचे गाव दिसत नाही, हे एका एस.टी. चालकाच्या लक्षात आले आणि वार्ता बाहेर पोहोचली. रोजच्या परिचयातून आलेले हे ज्ञान नकाशाच्या कोणत्याही थरात नव्हते.

असे ज्ञान शब्दांत साठलेले असते. 'लवण' म्हटले की सखल जमीन समजते, 'खाचर' म्हटले की भाताचे शेत. नोंद केवळ रोमन लिपीत झाली, तर ळ-ल, ण-न हे भेद पुसले जातात आणि 'माळीण' व 'मलिन' सारखेच दिसू लागतात. उलटपक्षी, नुसते नावही पुरेसे नाही. ओतूर जुन्नर तालुक्यात आहे, तसेच नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यातही आहे. संकटसमयी मदत कोणत्या ओतूरला धाडावयाची, हे अक्षांश-रेखांशच सांगतील.

सारांश

नावाला स्थानाचा आधार हवा, स्थानाला नावाचा. शेतशिवारातील पुष्कळ नावे केवळ वृद्धांच्या मुखी उरली आहेत. ती आज नोंदविली नाहीत, तर उद्याचा नकाशा अचूक असूनही मुका राहील.

स्वाध्याय

आपल्या गावातील एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीस विचारून शिवारातील पाच स्थलनामे देवनागरीत लिहा. प्रत्येक नावाचा अर्थ व नेमके स्थान नोंदवा.