बार्शी लाईट : एक्सल लोड आणि आजोबांची गाडी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीच्या चुका सांभाळून घ्या. पण हा विषय मला आजोबांकडून मराठीतच कळला, म्हणून इथेच लिहितो आहे.

मी मूळ लातूरचा. आजोबा अजूनही 'छोट्या गाडी'बद्दल बोलतात. कुर्डुवाडीला उतरायचं, ट्रंक डोक्यावर घ्यायची आणि मोठ्या गाडीकडे पळायचं. ती छोटी गाडी म्हणजे बार्शी लाईट रेल्वे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने ती उभारली. बार्शी ही व्यापारी पेठ मुख्य रेल्वेमार्गापासून दूर होती. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी लाईन सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातील लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

आता आपल्या अभ्यासाचा भाग. गेज होता फक्त ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेज असतो १६७६. कॅलथ्रॉपचा नियम असा, की कुठल्याही एक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग ते इंजिन असो वा वॅगन. भार सारखा वाटला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च वाचतो. किती सोपी आयडिया!

मग ही लाईन बंद का केली? एप्रिल २०१६ आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, १० वॅगन आणि ५ लाख लिटर पाणी. म्हणजे एका वॅगनमध्ये ५० टन. छोट्या गाडीची चार एक्सलची वॅगन स्वतःच्या वजनासकट २० टनांवर जाऊ शकत नव्हती. लातूर–कुर्डुवाडी ब्रॉडगेज २००८ मध्ये आणि मिरजेपर्यंतचा २०१० मध्ये पूर्ण झाला, म्हणून ते पाणी पोचलं. गेज बदलणं चूक नव्हतं.

पण बदलताना जुनं सगळं विसरायलाच हवं का? येडशीवरून जाणारा मार्ग वळवून उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, जोडलं. जी जुनी वाट सुटली तिचं काय? कॅलथ्रॉपने याच गेजची एक लाईन इंग्लंडमध्ये बांधली होती. ती १९३४ मध्ये बंद पडली. आज त्या वाटेवर लोक पायी आणि सायकलने फिरतात. गाडी नसली तरी वाट जपता येते.

माझी एक सूचना आहे. आपल्या सिव्हिलच्या सर्व्हे कॅम्पमध्ये एकदा ही जुनी वाट घ्यावी. उरलेल्या मोऱ्या आणि भराव मोजावेत, फोटो काढावेत, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड कराव्यात.

वरचं गणित मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "पाणी आलं ते बरंच झालं रे. पण माझी गाडी कुठून जायची, ते तरी लिहून ठेव."

आजोबा ८१ वर्षांचे आहेत. सर्व्हे याच वर्षी व्हायला हवा.