हलाल अन्न आणि ‘तय्यब’ अन्न



पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामधील आयत १६८ मध्ये अल्लाहने समस्त मानवांना जमिनीवरील हलाल आणि तय्यब अन्न खाण्याची आज्ञा दिली आहे. हे दोन शब्द आहेत. पहिल्याविषयी आपण दक्ष असतो. गोश्त हलाल आहे ना, हे विचारल्याशिवाय खरेदी करीत नाही. तय्यब म्हणजे शुद्ध, उत्तम, हितकारक. घरात मधुमेहाने किंवा रक्तदाबाने त्रस्त आई-वडील असताना त्यांच्या ताटातील अन्न त्यांना हितकारक आहे का, हा प्रश्न आपण किती वेळा विचारतो?

यासाठी आवडीचे पदार्थ सोडावे लागत नाहीत. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर नाचणी पिकते. रोजच्या तांदळाच्या भाकरीऐवजी काही दिवस नाचणीची भाकरी करावी. तिच्यात तंतू आणि कॅल्शियम अधिक असते. मात्र पिष्ट तिच्यातही असतेच, म्हणून मधुमेहींनी प्रमाण सांभाळावे. माशाच्या सालनात नारळाचा दाट रस निम्मा घालून उरलेली दाटी भाजलेल्या कांद्याच्या वाटणाने आणावी. गोश्त आदल्या दिवशी शिजवून रस्सा थंड केल्यास चरबी वर गोठते. ती काढून टाकावी. बिर्याणीचा कांदा भरपूर तेलात तळण्याऐवजी थोड्या तेलात मंद आचेवर परतावा.

मिठाकडे विशेष लक्ष द्यावे. प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुके बोंबील किंवा सुकट भिजवून, पाणी बदलून धुवावी. कोकमाच्या आगळात मीठ असते. म्हणून आधी आगळ घालून चव पाहावी, मगच मीठ घ्यावे.

प्रमाणाचा धडा तिर्मिजी शरीफमध्ये आहे. कमर ताठ राहण्यास काही घास पुरेत, अधिक खायचेच असेल तर पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी व एक श्वासासाठी असावा, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. रस्सा शिजवताना पाणी वाढवून शेजाऱ्यांनाही त्यातून द्यावे, असा उपदेश त्यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना केल्याचे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे.

आता पुरुषांसाठी एक शब्द. पहिले काही दिवस सालन अळणी वाटेल आणि दोष स्वयंपाक करणाऱ्या भगिनीच्या माथी येईल. पैगंबर (स.) यांनी कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत; आवडले तर खाल्ले, नाही तर सोडले. दस्तरख्वानवर ही सुन्नत पाळली नाही, तर ती भगिनी दुसऱ्याच दिवशी मिठाची बरणी पुन्हा पुढे ओढील. रुग्णासाठी वेगळे भांडेही चढवू नये. एकट्याने पथ्य पाळणे जड जाते, सर्वांनी मिळून पाळले तर ते घराचे वळण होते. डॉक्टरांनी दिलेली औषधे मात्र चालूच ठेवावीत.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. या आठवड्यात घरातील एकच पदार्थ निवडा आणि तो हलालबरोबर तय्यबही करा. अल्लाह आपणा सर्वांना याची तौफीक देवो. आमीन.