ग्यास एंजिनांतील हवेचें प्रमाण

कंदिलास हवा कमी मिळाली तर काच काजळते. वारा अधिक शिरला तर ज्योत विझते. ग्यास एंजिनाचेंही तसेंच आहे.

इ. स. १८७६ मध्यें जर्मनींत निकोलस ओटो यांनीं चार धावांचें एंजिन सिद्ध केलें. दट्ट्या हवा व ग्यास आंत ओढतो, मिश्रण दाबतो, तें पेटून दट्ट्यास ढकलतें, शेवटीं जळका वायु बाहेर जातो. हवा फार झाली तर मिश्रण पेटत नाहीं. कमी झाली तर इंधन वायां जातें. वेग वाढला कीं कित्येक जुन्या एंजिनांत नियामक ग्यासची झडप क्षणभर बंदच ठेवी. त्यामुळें प्रमाण बिघडत नसे.

दुसऱ्या महायुद्धांत (१९३९–४५) पेट्रोलच्या टंचाईमुळें आपल्या देशांत कोळशाच्या ग्यासवर मोटारी चालल्या. एक पौंड पेट्रोलास सुमारें १५ पौंड हवा लागते. कोळशाच्या ग्यासांत निम्मा नत्रवायु असल्यानें त्यास आकारमानानें जवळजवळ समभाग हवा पुरते. भट्टीची आंच बदलली कीं ग्यास बदले, म्हणून चालकास हवेची झडप वारंवार सांभाळावी लागे.

या ग्यासांतील मुख्य ज्वलनशील भाग कार्बन मोनॉक्साइड होय. त्यास वास नाहीं, पण तो प्राणघातक आहे, आणि अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या शेगडींतही तोच उपजतो. म्हणून शिरड शहापूरच्या आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही आग्रहानें सांगतों कीं, थंडीच्या रात्रीं दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ घेऊन निजूं नये. घरींही हें अवश्य सांगावें.