घरटे, जाळे आणि कायदा



जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात (२२:६-७) पक्ष्याच्या घरट्याविषयी एक छोटासा नियम आहे. वाटेत घरटे आढळले आणि मादी पिलांवर वा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घेतली तरी मादीला मात्र सोडून द्यावे. एवढ्याशा गोष्टीसाठी आज्ञा कशाला, असे आपल्याला वाटेल. पण त्यात मोठे शहाणपण आहे. माणसाने खाऊ नये असे देव म्हणत नाही. मात्र जिच्यापासून पुढची पिढी व्हायची, तिला हात लावू नये. दुर्मिळ प्राण्यांना संरक्षण देणारे आजचे कायदे याच वाटेने जातात.

आपल्या अरबी समुद्राचेच उदाहरण घेऊ. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. त्याची लांबी १२ मीटरांच्याही पुढे जाते, पण खाणे मात्र सूक्ष्म जीव आणि बारीक मासळी. १९९० च्या दशकात गुजरातच्या वेरावळ किनाऱ्यावर त्याची शेकड्यांनी शिकार होई. यकृताचे तेल होड्यांना लावीत, मांस परदेशी जाई. हा मासा वयात यायलाच सुमारे २५ वर्षे लागतात. म्हणजे मारायला एक दिवस पुरतो, पण तूट भरून यायला एक पिढी जाते.

२००१ साली सरकारने या माशाचा समावेश वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत केला. वाघाला जे संरक्षण, तेच त्याला मिळाले. अशा प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये आहे.

‘म्हणजे माणसापेक्षा मासा मोठा झाला का?’ असे कुणी विचारील. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. मासा चुकून जाळ्यात आला आणि जाळे कापावे लागले, तर त्या घराची कमाई बुडते. पण कायदाच नसता तर काय झाले असते? दयेने मासा सोडणाऱ्याचे जाळे गेले असते आणि शेजारच्या होडीने त्याच माशाचे पैसे केले असते. कायदा सर्वांना एकच नियम लावतो, म्हणून चांगुलपणा तोट्यात जात नाही.

मात्र भार एकट्या मच्छीमारावर टाकणे हा न्याय नव्हे. गुजरातमध्ये २००४ पासून लोकजागृती झाली. व्हेल शार्क म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, असे मोरारी बापूंनी समजावले. पुढे फाटलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली आणि मच्छीमारांनी आपल्या हातांनी शेकडो मासे सोडले. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ मध्ये अशीच योजना सुरू झाली. संरक्षित प्राणी सोडताना कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई ठरली. मासा सोडतानाचे छायाचित्र वा चित्रीकरण मात्र हवे.

म्हणून कायदा जाचक वाटला की ‘तो सैल करा’ म्हणण्याची घाई आपण करू नये. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी, ही मागणी जरूर करावी. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शिकवले, की प्रत्येक जिवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, केवळ आपल्या उपयोगापुरते नाही. मुक्या जिवाला न्यायालयात उभे राहता येत नाही. त्याच्या वतीने कायदा बोलतो, आणि कायद्याच्या वतीने आपण बोलायचे आहे.

चिंतनासाठी :
१. जाळे कापून मासा सोडणाऱ्या भावाच्या पाठीशी आपला समाज कसा उभा राहील?
२. आपल्या परिसरातील कोणता पक्षी वा प्राणी आपल्या मुलांना दिसेनासा झाला आहे?